समजून घ्या : नवा कोरा फोन तापला आणि बंद पडला, आता काय करायचे?

हप्त्यांवर घेतलेला फोन घरी येऊन जेमतेम दोन दिवस झालेले असतात. चार्जिंगला लावलेला असताना तो हात लावता येणार नाही इतका तापतो, स्क्रीन काळी होते आणि नंतर बटण कितीही दाबले तरी काहीच हालचाल नाही. अशा वेळी घरातून हमखास दोन सल्ले येतात. एक, ‘थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव.’ दुसरा, ‘कोपऱ्यावरच्या दुकानात उघडून बघायला दे.’ पहिल्या सल्ल्याने फोन जाऊ शकतो, दुसऱ्याने वॉरंटी. बंद पडलेला प्रत्येक फोन खराब झालेला नसतो, पण खरोखर खराब असेल तर पहिल्या काही दिवसांतच तो बदलून मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून या काळात काय करायचे आणि काय टाळायचे, ते समजून घेऊ.

नवा फोन जास्त का तापतो?

फोन नवा असतो तेव्हाच त्याच्यावर सर्वाधिक काम पडते. जुन्या फोनमधले फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट आणि अ‍ॅप एकाच वेळी उतरवले जात असतात. सोबत सिस्टिमचे अपडेट येते आणि गॅलरीतले हजारो फोटो ओळखून त्यांची वर्गवारी मागच्या मागे सुरू असते. प्रोसेसर, वायफाय आणि स्टोरेज सलग काही तास राबतात. त्यातच फोन फास्ट चार्जिंगला लावलेला असेल तर बॅटरीची उष्णता वेगळी. फोनला पंखा नसतो. ही सगळी उष्णता मागच्या बाजूने आणि कडांमधूनच बाहेर पडते. जाड कव्हर, गादी किंवा उशी यांनी ती वाट अडवली की तापमान झपाट्याने चढते.

त्यामुळे पहिले एक-दोन दिवस फोन कोमट किंवा बऱ्यापैकी गरम लागणे स्वाभाविक आहे. काहीही सुरू नसताना, चार्जिंगला नसताना फोन तापत असेल किंवा एकाच ठिकाणी चटका बसत असेल, तर मात्र ते दुखण्याचे लक्षण समजावे.

तापल्यावर फोन स्वतःहून बंद का होतो?

स्वतःला वाचवण्यासाठी. फोनमध्ये तापमान मोजणारे अनेक सेन्सर असतात. तापमान वाढू लागले की फोन आधी प्रोसेसरचा वेग कमी करतो, मग स्क्रीनचा उजेड उतरवतो, चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. तरीही फरक पडला नाही तर बंद होतो आणि थंड होईपर्यंत सुरू होत नाही.

अ‍ॅपलच्या सूचनेनुसार आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. एप्रिल-मेमध्ये अकोला, नागपूर, चंद्रपूरमध्ये सावलीतच पारा याच्या कितीतरी पुढे असतो. दुचाकीच्या हँडलवर लावलेला, नकाशा सुरू असलेला, पॉवर बँक जोडलेला आणि वरून ऊन खाणारा फोन बंद पडला तर तो खराब निघाला, असे लगेच म्हणता येत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनचेही तेच.

पहिल्या तासात काय करावे?

१. सर्वात आधी भिंतीवरचे बटण बंद करावे आणि मगच चार्जर काढावा.

२. कव्हर काढून फोन सावलीत, फरशीवर किंवा ओट्यावर ठेवावा. वर साधा पंखा चालेल. फ्रीज, बर्फ, ओले फडके नको. एकदम गार केल्यावर आत दव धरते आणि पाण्याने बिघाड झाल्याची खूण उमटली की वॉरंटीच हातची जाते.

३. किमान अर्धा ते एक तास थांबावे. गरम फोन पुन्हा चार्जिंगला लावू नये, बटणही सारखे दाबत बसू नये.

४. फोन हाताला पूर्ण गार लागल्यावर सोबत आलेल्या किंवा कंपनीने सुचवलेल्या चार्जरने अर्धा तास चार्ज करावा आणि जवळ थांबून लक्ष ठेवावे. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर पहिली काही मिनिटे स्क्रीनवर काहीच दिसत नाही. याच टप्प्यावर अनेकजण ‘फोन मेला’ असे समजून घाई करतात.

५. दुसऱ्या फोनवरून आपल्या नंबरवर कॉल करून पाहावा. स्क्रीन काळी आहे, पण रिंग वाजते किंवा फोन थरथरतो, याचा अर्थ फोन सुरू आहे आणि दोष डिस्प्लेकडे किंवा सॉफ्टवेअरकडे आहे.

फोर्स रीस्टार्ट कसा करायचा?

फोन गार झाल्यावरच हा उपाय करावा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडायचे, मग आवाज कमी करण्याचे बटण दाबून सोडायचे आणि लगेच बाजूचे बटण कंपनीचे चिन्ह दिसेपर्यंत दाबून धरायचे. सॅमसंगच्या फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे लागते. इतर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचे बटण ३० सेकंदांपर्यंत धरले की फोन रीस्टार्ट होतो. यात डेटा पुसला जात नाही. मात्र स्क्रीनवर इंग्रजीत रिकव्हरीची यादी आली, तर त्यातला फॅक्टरी रीसेटचा पर्याय निवडू नये. तो फोनमधले सगळे पुसतो.

दोष सॉफ्टवेअरचा की बॅटरीचा?

दोन गाजलेली प्रकरणे या दोन टोकांची आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो बाजारात आल्यावर तो फार तापतो, अशा तक्रारी जगभरातून आल्या. सुरुवातीच्या दिवसांतले मागच्या मागे चालणारे काम, आयओएस १७ मधली एक चूक आणि इन्स्टाग्राम, उबरसारख्या काही अ‍ॅपचा जादा भार, अशी कारणे अ‍ॅपलने दिली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आयओएस १७.०.३ हे अपडेट आले. दुरुस्ती सॉफ्टवेअरमधूनच झाली, त्यासाठी फोन परत मागवावे लागले नाहीत.

२०१६ च्या सॅमसंग गॅलेक्सी नोट ७ चे तसे झाले नाही. फोन पेट घेऊ लागल्याने २ सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवून सुमारे २५ लाख फोन बदलून देण्याचे जाहीर केले. बदलून दिलेले फोनही पेटल्यावर ११ ऑक्टोबरला उत्पादनच कायमचे बंद केले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणे सांगितली. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातला ऋण इलेक्ट्रोड वाकत होता, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण आतले आवरण भेदत होते. कारणे दोन, परिणाम एकच : आतल्या आत शॉर्टसर्किट.

अशा शॉर्टसर्किटवर कोणतेही अपडेट चालत नाही. लिथियम-आयन बॅटरीत धन आणि ऋण थरांमध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. तो फाटला की उष्णता तयार होते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वाढतात आणि त्यातून आणखी उष्णता निघते. हे चक्र सुरू झाले की बाहेरून थांबवणे कठीण असते.

फोनपासून लांब कधी व्हावे?

स्क्रीन किंवा मागची बाजू वर उचललेली दिसणे, फोन टेबलावर सपाट न बसता डुगडुगणे, गोडसर किंवा थिनरसारखा वास, फुसफुस आवाज, चार्जर काढल्यावरही तापमान वाढतच जाणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. यातले एकही दिसले तर फोन चार्ज करू नये, फुगलेला भाग दाबून पाहू नये, खिशात किंवा उशाजवळ ठेवू नये. जमल्यास तो कापड-कागदापासून दूर, मोकळ्या जागी फरशीवर ठेवावा. धूर येऊ लागला तर फोन उचलायला जाऊ नये, सगळ्यांनी खोलीबाहेर पडून ११२ वर कॉल करावा.

असा फोन स्वतः कुरिअरनेही पाठवू नये. खराब झालेल्या लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मनाई आहे. विक्रेत्याला फुगल्याचे स्पष्ट सांगून फोन नेण्याची व्यवस्था त्याच्याकडेच मागावी.

सर्व्हिस सेंटरमध्ये जाण्यापूर्वी काय करावे?

पुरावा जमवावा. फोन सुरू होत नाही याचा व्हिडिओ काढावा. त्यात फोनच्या चारही कडा, स्क्रीन आणि चार्जिंगचे पोर्ट स्वच्छ दिसले पाहिजे. ‘फोन पडला होता’ किंवा ‘पाणी गेले आहे’ ही उत्तरे टाळण्यासाठी हे उपयोगी पडते. बिल आणि खोका जपून ठेवावा. एरवी *#०६# डायल केल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय नंबर बंद फोनमध्ये पाहता येत नाही, पण तो खोक्यावर छापलेला असतो. बिलावरच्या नंबरशी तो जुळवून पाहावा.

विक्रेत्याकडे तक्रार त्याच दिवशी आणि लेखी करावी. फोन बदलून देण्याची मुदत अनेकदा मोजक्या दिवसांची असते आणि ‘आधी सर्व्हिस सेंटरचा दाखला आणा’ असे सांगण्यात ती निघून जाऊ शकते. तक्रारीची तारीख नोंदली गेली असेल तर बाजू भक्कम राहते. सर्व्हिस सेंटरने दिलेल्या जॉबशीटवर ‘फोन तापून बंद पडला, सुरू होत नाही’ असे नेमके लिहून घ्यावे. नुसते ‘तपासणीसाठी’ असे लिहिलेल्या कागदावर सही करू नये. आणि तोवर कोणत्याही दुकानात फोन उघडू देऊ नये.

विक्रेत्याने हात वर केले तर?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल तर ऑनलाइन विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्यापुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेच तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता बेंगळुरूचा असला तरी लातूरच्या ग्राहकाने लातूरमध्येच दाद मागायची. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षे. आयोग फोन प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. दोष सिद्ध झाला तर नवा फोन, पैसे परत किंवा भरपाई असे आदेश देऊ शकतो.

हप्ते, यूपीआय आणि डेटाचे काय?

फोन बंद पडला म्हणून हप्ता थांबत नाही. कर्ज बँकेने किंवा वित्त कंपनीने दिलेले असते आणि त्याचा करार वेगळा असतो. वैतागून हप्ता चुकवला तर दंड बसतो आणि क्रेडिट स्कोअर घसरतो, फोनचा निकाल काहीही लागो. पैसे परत मिळणार असतील तर कर्ज खाते बंद झाल्याचे पत्र वित्त कंपनीकडून घ्यावे.

फोन देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. सिम जुन्या फोनमध्ये घालून यूपीआय पुन्हा सुरू करता येते, मात्र पहिले २४ तास व्यवहाराच्या रकमेवर मर्यादा असू शकते. गुगल किंवा अ‍ॅपल खात्यात दुसऱ्या फोनवरून लॉग इन करून बंद फोन यादीतून साइन आउट करावा. स्क्रीन लॉकचा पिन जॉबशीटवर लिहून देऊ नये. मदरबोर्ड बदलावा लागला तर त्यावरचा डेटा बहुधा परत मिळत नाही, कारण तो त्याच बोर्डशी बांधलेल्या सांकेतिक रूपात साठवलेला असतो.

म्हणूनच नवा फोन आला की जुना लगेच पुसून टाकण्याची किंवा विकण्याची घाई करू नये. निदान बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत जुना फोन, नवा खोका आणि बिल घरातच असू द्यावे.