‘ओळखलंस का मला?’ हे विचारणं बंद करा!

तुमच्या घरात, नात्यात किंवा सोसायटीत असे एखादे आजी-आजोबा असतीलच, ज्यांना हल्ली नावं आठवत नाहीत. त्यांना भेटायला गेलं की आपण काय करतो? समोर उभं राहून चेहरा पुढे करतो आणि विचारतो, ‘ओळखलंस का मला? सांग बरं, मी कोण?’ आजूबाजूचे सगळे टक लावून बघत असतात. आजी आपल्याकडे बघते, मग आत्याकडे बघते आणि कसनुसं हसते. व्हायवामध्ये उत्तर येत नसताना आपण एक्स्टर्नलसमोर हसतो ना, अगदी तसंच.

मी माझ्या आजीला हा प्रश्न एका भेटीत चार वेळा विचारला. चौथ्यांदा ती म्हणाली, ‘तुम्ही बँकेतून आलात का?’ मी लिफ्टमध्ये रडले आणि त्यानंतर तीन महिने तिकडे फिरकलेच नाही. घरी सांगायला सबमिशन्स होती, प्रोजेक्ट होता. खरं कारण एवढंच, की तिला मी आठवतच नाही, मग जाऊन काय उपयोग?

तुम्हीही कधी असा विचार केला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

‘टाकलंत का?’

आजी पुण्याबाहेरच्या एका सीनिअर लिव्हिंग संकुलात राहते. वृद्धाश्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला एक ठरावीक सीन येतो, पण इथे तसं नसतं. साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली, स्वतंत्र फ्लॅट. आपलं घर, आपलं कुलूप, फक्त जेवणाचा हॉल, डॉक्टर आणि अलार्मची सोय जवळ. दुसरी, असिस्टेड लिव्हिंग. अंघोळ, औषधं, चालणं यांसाठी मदतीला माणूस. तिसरी पायरी मेमरी केअरची. डिमेन्शिया असलेल्यांसाठी वेगळा विभाग, वेगळं प्रशिक्षण घेतलेला स्टाफ.

आजी-आजोबा पहिल्या पायरीवर राहायला आले होते. आजोबा गेल्यावर आजीचं विसरणं एकदम नजरेत यायला लागलं. दूध करपायचं, औषध दोनदा घेतलं जायचं. एके दिवशी भर दुपारी ती पर्स घेऊन ‘ड्युटीला’ निघाली आणि थेट हायवेपर्यंत पोचली. त्यानंतर तिला मेमरी केअरमध्ये हलवलं. पुढच्याच महिन्यात एका लग्नात कुणीतरी बाबांना विचारलं, ‘मग काय, आईला टाकलंत का तिकडे?’ बाबा न जेवता घरी आले.

त्या विचारणाऱ्या काकांना डिमेन्शिया म्हणजे काय ते माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

विसराळूपणा नव्हे

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हेच न कळणं वेगळं. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये तो पहिल्यांदा मांडला. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे साठीपुढच्या दर तेरा-चौदा माणसांत एक. बायकांमध्ये प्रमाण जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त.

नवीन आठवणी साठवायचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. अल्झायमरचा दणका बहुतेक वेळा त्यालाच लवकर बसतो. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचं ऑफिस लख्ख आठवतं. आता विचार करा, तुम्ही-मी तिच्या आयुष्यात कधी आलो? सगळ्यात शेवटी. मग पुसलेही आधी आपणच जाणार. यात तिचं प्रेम कमी झालं असं काही नाही, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. मी घेतलं होतं.

ताटाचा रंग, दाराचा रंग

तीन महिन्यांनी बाबांनी जवळजवळ ओढतच नेलं, तेव्हा मी तो विभाग पहिल्यांदा नीट पाहिला. तिथली प्रत्येक गोष्ट विचार करून केलेली आहे. पॅसेज कुठेच भिंतीला जाऊन संपत नाही, गोल फिरून परत हॉलमध्येच येतो. डिमेन्शिया झालेली माणसं खूप चालतात आणि वाट संपली की गोंधळतात, घाबरतात. म्हणून वाट संपूच द्यायची नाही. बाहेर जायचं दार भिंतीच्याच रंगाचं, सहज दिसत नाही. बाथरूमचं दार मात्र ठळक रंगाचं, लांबूनही कळेल असं. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही म्हणून ताटं गडद रंगाची. जमिनीवर काळं पायपुसणं नाही, कारण काहींना ते खड्ड्यासारखं वाटतं.

प्रत्येकाच्या खोलीबाहेर काचेची छोटी पेटी आहे. आत नावाची पाटी नाही, तर वस्तू. कुणाची लग्नातली फोटोफ्रेम, कुणाची शाळेची घंटा. नाव वाचता आलं नाही तरी ‘ही माझी खोली’ हे कळतं. आजीच्या पेटीत तिचा टेलिफोन खात्यातला ग्रुप फोटो आहे.

दुपारी दोनची ड्युटी

आजी साताऱ्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या काळातली. तुम्हाला ट्रंक कॉल माहीत नसेल, तर सांगते. परगावी फोन करायचा म्हणजे आधी एक्स्चेंजला नंबर सांगून बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. ऑपरेटर लाइन जोडून द्यायची. पैसे तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने, त्यामुळे तीन मिनिटं झाली की मध्येच तिचा आवाज यायचा.

दाखल करताना तिथल्या सिस्टरनी बाबांकडून आजीची सगळी माहिती भरून घेतली होती. आजारांची तर झालीच, पण नोकरी कुठली, चहा कसा, झोपायची वेळ काय, चिडते कशावर, असंही सगळं. तेव्हा बाबांना हे जरा फालतू वाटलं होतं. पण आजी रोज दुपारी दीडच्या सुमाराला अस्वस्थ का होते, पर्स का शोधते, हे कोडं त्याच कागदाने सोडवलं. तिची शिफ्ट दोनची असायची!

आता दीड वाजला की तिथल्या मावशी तिला ‘आजी, तुम्ही कधीच रिटायर झालात’ असं सांगत नाहीत. त्या विचारतात, ‘आज बोर्डावर कोण कोण आहे हो?’ आणि टेबलावर एक जुना डायलचा फोन आणून ठेवतात. वायर नसलेला. आजी पदर खोचते, बसते आणि तासभर कॉल लावते.

हे खोटं वागणं नाही का? मला हा प्रश्न पडला होता, तुम्हालाही पडेल. जगभर यावर वाद आहे. जर्मनीत काही केअर होम्सच्या बाहेर बसस्टॉप आहेत, पण तिथे बस कधीच येत नाही. ‘घरी जायचंय’ म्हणून निघालेले आजोबा तिथल्या बाकावर शांत बसतात आणि थोड्या वेळाने कुणीतरी त्यांना चहाला आत नेतं. काहींना ही फसवणूक वाटते, काहींना माया. माझं मत असं, की ‘आजोबा वारले’ ही बातमी आजीला रोज नव्याने देण्यात कसला खरेपणा? प्रत्येक वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. त्यापेक्षा ‘आजोबांना चहा कसा लागायचा गं?’ असं विचारलं, तर त्यात खोटं काहीच नाही आणि ती हसून सांगते.

आठवण जाते, बरं वाटणं राहतं

माझ्या ‘काय उपयोग’ला उत्तर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या एका अभ्यासात सापडलं. २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांनी अल्झायमर असलेल्या १७ जणांना आणि तेवढ्याच निरोगी माणसांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी सिनेमांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने विचारलं, तर अल्झायमर असलेल्यांना त्यातलं फारसं काही आठवेना. पण सिनेमाने आलेली उदासी किंवा आनंद मात्र टिकून होता. अभ्यास छोटा आहे, पण त्याचा अर्थ तुमच्या-माझ्यासाठी मोठा आहे. तुम्ही येऊन गेलात हे आजी दहा मिनिटांत विसरेल, पण तुमच्यामुळे वाटलेलं बरं तिच्याजवळ राहील. आणि सगळ्यांसमोर परीक्षा घेतल्याची लाजही राहील.

नेदरलँड्सच्या वेस्प गावात २००९ पासून ‘हॉगवाइक’ नावाची अख्खी वसाहतच डिमेन्शिया असलेल्यांसाठी आहे. तिथे सुपरमार्केट आहे, रेस्टॉरंट आहे, थिएटर आहे आणि स्टाफ साध्या कपड्यांत वावरतो. त्याच देशात डेव्हेंटर शहरातल्या ‘ह्युमॅनिटास’ या ज्येष्ठ निवासात चक्क कॉलेजचे विद्यार्थी राहतात. भाडं शून्य. बदल्यात महिन्याला ३० तास चांगला शेजारी व्हायचं. गप्पा मारायच्या, एकत्र जेवायचं, कम्प्युटर शिकवायचा. पुण्यात पीजीचं भाडं भरणाऱ्यांनो, कल्पना कशी वाटते?

आपल्याकडे मात्र मेमरी केअर महाग आहे. बहुतेक घरांना ते परवडणारं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. बहुतेक पेशंट घरीच असतात आणि त्यांचं सगळं घरातली एखादी बाई, आई, काकू किंवा सून, एकटी करत असते. पण वर सांगितलेल्या गोष्टींपैकी गडद ताट, काढून टाकलेलं काळं पायपुसणं आणि एक जुना फोन, यांना कितीसे पैसे लागतात?

भेटायला जाताना

• जाताच स्वतःचं नाव आणि नातं सांगा. ‘आजी, मी अमुक, तुझ्या धाकट्याची मुलगी.’ ओळखायचं काम तिच्यावर टाकू नका.

• समोरून या, तिच्या उंचीला बसा, सावकाश बोला. एका वेळी एकच प्रश्न.

• ‘आठवतंय का?’ने वाक्य सुरू करू नका. ‘तू एक्स्चेंजमध्ये होतीस ना, कसं असायचं गं तिथे?’ असं विचारा.

• तीच गोष्ट पाचव्यांदा सांगितली, तर पाचव्यांदा ऐका.

• हाताला काम द्या. वाती वळणं, मटार सोलणं, घड्या घालणं. हातांची आठवण बराच काळ टिकते.

• शक्यतो सकाळी जा. संध्याकाळी अनेकांची घालमेल वाढते.

• तिची काळजी घेणाऱ्या माणसाला दोन तास सुटी द्या. याला पैसे लागत नाहीत.

घरात कुणाचं विसरणं वाढतंय असं वाटलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. विसरण्याची काही कारणं, उदाहरणार्थ थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरता, उपचाराने सुधारू शकतात. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १४५६७. आणि डॉ. मोहन आगाशे यांचा ‘अस्तु’ पाहिला नसेल, तर जरूर पाहा.

मी आता दर रविवारी जाते. गेल्या रविवारी आजीने मला वायर नसलेला फोन लावून दिला. मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे टेबलाच्या पलीकडून, बाबांशी बोलायचं नाटक केलं. थोड्या वेळाने ती एकदम ऑफिसच्या आवाजात म्हणाली, ‘तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?’

मी कोण हे तिला त्याही दिवशी माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘हो बाई, वाढवा.’