विश्लेषण : ओल्या खोक्यावरची बुरशी कामाची आहे का, हे कसे ठरते?

भिवंडीजवळच्या दापोडे भागात गोदामांची रांगच आहे. गोदाम म्हटले की पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्प्या आल्या. पावसाळ्यात एखाद्या खोक्याला ओल लागली, की तो मऊ पडतो आणि त्यावर हिरवट-काळे डाग उमटतात. गोदामासाठी हे नुकसान. पण त्या डागात बुरशी जे करते, तेच करून घेण्यासाठी कापड आणि इथेनॉल उद्योग पैसे मोजतात.

बुरशी नेमके काय करते?

पुठ्ठा, कापूस, भाताचा पेंढा या सगळ्यांत सेल्युलोज असते. ही ग्लुकोजची लांबलचक साखळी आपल्याला पचत नाही. बुरशी मात्र तिच्यावर विकरे, म्हणजे एन्झाइम सोडते. एक विकर साखळी मधेच तोडते, दुसरे टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सोडवते, तिसरे त्या जोड्या फोडते. तिन्ही असतील तरच हाती साखर येते. पानिपतला इंडियन ऑइलने २०२२ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात पेंढ्यापासून इथेनॉल बनवतात. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. अशा प्रकल्पांत विकरांचा खर्च मोठा असतो, म्हणून अधिक जोमदार बुरशीचा शोध थांबत नाही.

शोध कसा घेतात?

कुजका पेंढा, ओला पुठ्ठा किंवा माती पाण्यात मिसळून पातळ करतात आणि सेल्युलोज हेच अन्न असलेल्या आगरच्या बशीत पसरतात. बुरशी वाढली की वर काँगो रेड हा रंग ओततात आणि मिठाच्या पाण्याने धुतात. सेल्युलोज शिल्लक असेल तिथे लाल रंग टिकतो, तुटले असेल तिथे फिकट वलय दिसते.

वलय मोठे म्हणजे बुरशी भारी, असा निष्कर्ष मात्र घाईचा. बशीत सहसा विरघळणारे सेल्युलोज वापरतात आणि वलय मुख्यतः मधेच तोडणाऱ्या विकराची साक्ष देते. बाकीच्या दोघांचे काय? त्यासाठी फिल्टर पेपरची चाचणी आहे. १ बाय ६ सेंटिमीटरची, सुमारे ५० मिलिग्रॅमची पट्टी ५० अंश सेल्सिअसला तासभर विकरात ठेवून किती साखर सुटली ते मोजतात. जगभर वापरली जाणारी ही पद्धत १९८७ मध्ये प्रमाणित स्वरूपात मांडली ती आयआयटी दिल्लीच्या टी. के. घोष यांनी.

चांगली बुरशी सापडली तरी काम संपत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ‘पेनिसिलियम जँथिनेलम’वर रसायन आणि अतिनील किरणांचा मारा करून जास्त विकर देणारे वाण तयार करण्यात आले.

नाव कळणे इतके महत्त्वाचे का?

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी लष्कराचे सुती तंबू कुजले. त्यातून मिळालेल्या बुरशीला बराच काळ ‘ट्रायकोडर्मा व्हिरिडी’ समजले गेले. ती वेगळी प्रजाती असल्याचे १९७७ मध्ये ठरले आणि संशोधक एल्विन रीस यांच्यावरून ‘ट्रायकोडर्मा रीसी’ हे नाव मिळाले. आज औद्योगिक सेल्युलेज विकरासाठी तिचीच सुधारित वाणे सर्वाधिक परिचित आहेत.

आता सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला डीएनएचा ‘आयटीएस’ हा भाग वाचतात. २०१२ मध्ये तो बुरशीचा अधिकृत बारकोड म्हणून सुचवला गेला. जवळच्या प्रजाती मात्र त्यावरूनही वेगळ्या काढता येत नाहीत, आणखी जनुके तपासावी लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संग्रहात अशी ओळख पटवून नमुने जपले जातात.

ही काटेकोर तपासणी हौसेची नाही. ‘अ‍ॅस्परजिलस’ गटातल्या काही बुरशी सेल्युलोज तोडतात, पण त्याच गटातली ‘फ्लेव्हस’ अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करू शकते आणि काहींचे बीजाणू फुप्फुसांना त्रास देतात. बशीतल्या वलयावरून यातले काहीच कळत नाही. त्यामुळे गोदामातला बुरसटलेला खोका हलवताना मास्क लावावा आणि कोरडा खरवडू नये.