शाळेच्या बागेतील स्ट्रॉबेरी आणि शेंबी

स्ट्रॉबेरी म्हटले की महाबळेश्वर-पाचगणीचे थंड पठार डोळ्यांपुढे उभे राहते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक निर्देशनाचा मानही मिळाला. तथापि पुणे शहरातही पावसाळा सरताच रोपे लावल्यास हिवाळ्यात शाळेच्या वाफ्यात वा कुंडीत फळे धरतात. मुलांनी रोज पाणी घालून वाढविलेले पहिले फळ लाल व्हावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास खड्डा पडलेला दिसावा, याचे बालमनास किती दुःख होते, हे शिक्षकांस सांगावयास नको. अशा वेळी विषारी औषध आणण्याची घाई न करता, प्रथम शत्रूची ओळख करून घ्यावी.

फळाजवळ किंवा पानावर वाळलेल्या शेंबडासारखी चकचकीत रेघ दिसल्यास हे काम पाखराचे नसून शेंबीचे आहे, असे समजावे. शेंबी म्हणजे शंख नसलेली गोगलगाय. ती कीटक नव्हे, मृदुकाय संघातील प्राणी आहे. म्हणून नेहमीची कीटकनाशके तिच्यावर फारशी चालत नाहीत. तिच्या मुखातील पट्टीवर असंख्य सूक्ष्म दात असतात व त्यांनी ती कानशीप्रमाणे फळ खरवडते. अंगावर कवच नसल्याने उन्हात ती सुकते. यास्तव दिवसभर विटा, कुंड्यांचे तळ व पालापाचोळा यांखाली दडून ती रात्री बाहेर पडते. प्रत्येक शेंबीत नर व मादी या दोहोंची इंद्रिये असल्याने कोणतीही शेंबी ओल्या मातीत अंडी घालू शकते. ओल आणि आडोसा हेच तिचे बळ. ते काढून घेणे हाच खरा उपाय होय.

त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. पाणी सायंकाळी न देता सकाळी द्यावे, म्हणजे रात्री मातीचा वरचा थर कोरडा राहील.
२. वाफे उंच करावेत. तण, कुजकी पाने व विटांचे तुकडे वेळोवेळी काढावेत.
३. फळे मातीस टेकू नयेत म्हणून खाली कोरडे गवत पातळ पसरावे. ते भिजल्यास बदलावे.
४. सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेले गोणपाट वाफ्याशेजारी ठेवावे. शेंब्या त्याखाली जमतात. सकाळी शिक्षकांनी चिमट्याने त्या उचलून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. ते पाणी वाफ्यात ओतू नये. मिठाने रोपे मरतात.

राख व अंड्यांची टरफले यांवर विसंबू नये. राख भिजली की निरुपयोगी होते. टरफलांविषयी सांगावयाचे तर, इंग्लंडमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टरफले, तांब्याची पट्टी इत्यादी अडथळ्यांनी सॅलडच्या रोपांचे नुकसान कमी झाल्याचे आढळले नाही.

मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बाजारात मिळतात. परंतु त्या कुत्र्यांस व लहान मुलांस घातक असल्याने शाळेच्या बागेत मुळीच वापरू नयेत. तसेच मुलांनी शेंबीस उघड्या हाताने स्पर्श करू नये. काही गोगलगायींच्या शरीरात उंदरांपासून आलेले जंत असतात व ते पोटात गेल्यास माणसाच्या मेंदूच्या आवरणास सूज येऊ शकते. बागकामानंतर हात साबणाने धुवावेत, फळ स्वच्छ धुऊनच खावे आणि कुरतडलेले फळ टाकून द्यावे.

या कामातून विज्ञान व गणित यांचा पाठही सहज साधतो. गोणपाटाखाली रोज किती शेंब्या सापडल्या, आदल्या दिवशी पाऊस होता काय, किती फळे खराब झाली, हे मुलांनी वहीत नोंदवावे व महिनाअखेर त्याचा आलेख काढावा. पाणी देण्याची वेळ बदलल्याने शेंब्या कमी झाल्या की नाही, याचे उत्तर त्यांस स्वतःच्याच आलेखात सापडेल. हे उत्तर मिळविणारे मूल पुढे शेतात वा घरी कोणतेही औषध हाती घेण्यापूर्वी कारण शोधील. शाळेच्या बागेचे खरे पीक तेच होय.