‘ब्रूक्स’ : सोळा इंचांचे जहाज

पुरुषाला ६ फूट लांब, १६ इंच रुंद जागा. बाईला लांबी दोन इंचांनी कमी. मुलीला साडेचार फूट लांबी आणि जेमतेम एक फूट रुंदी. ‘ब्रूक्स’ या गुलामवाहू जहाजाचा आराखडा गुलामव्यापाराच्या विरोधकांनी १७८९ साली लंडनमध्ये छापला, तो या मापांवर आखलेला होता. दोन डेकांमधली उंची ५ फूट ८ इंच. त्यातही मध्ये फळ्या ठोकून दुसरा थर केलेला. म्हणजे बसल्यावरही मान ताठ करता येत नसे. चित्रात ४८२ माणसे दाटीवाटीने आडवी दाखवली आहेत. तिळाएवढीही जागा मोकळी नाही.

आणि तरीही हे चित्र सौम्य आहे. १७८१ मध्ये लिव्हरपूलला बांधलेल्या या जहाजाने आधीच्या एका सफरीत ६०९ माणसे नेली होती. मग बाकीची कुठे मावली? याच जहाजावर डॉक्टर असलेल्या टॉमस ट्रॉटर यांनी पार्लमेंटच्या चौकशीत साक्ष दिली, की माणसांना कुशीवर, एकमेकांना बिलगून कोंबले जाई आणि बेड्यांनी एकमेकांना जखडले जाई. १७८८ च्या कायद्याने ‘ब्रूक्स’ची मर्यादा ४५४ वर आणली. व्यापार थांबवण्याचा खासदार विल्बरफोर्सचा प्रस्ताव मात्र १७९१ मध्ये ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला, आणि जहाज पुढेही वर्षानुवर्षे माणसे वाहत राहिले. ब्रिटिशांनी हा व्यापार बंद केला तो १८०७ मध्ये.

  

‘ब्रूक्स’च्या आराखड्याने इंग्लंडचे मन हलवले. पण त्यातली माणसे निपचित पडलेली आहेत, आणि ही गोष्ट मला खटकते. खरी गुलामवाहू जहाजे कशी सज्ज केली जात ते पाहा. डेकच्या आरपार माणसापेक्षा उंच लाकडी भिंत, बंड झाले तर खलाशांनी तिच्याआडून गोळ्या झाडाव्यात म्हणून. कोणी समुद्रात उडी टाकू नये म्हणून कडेने जाळी. जेवण नाकारणाऱ्याचा जबडा उघडायला स्क्रूचे हत्यार. गुलामव्यापाराचा विरोधक टॉमस क्लार्कसन याने ते बेड्यांसोबत लिव्हरपूलच्या दुकानातून उघड विकत घेतले होते. यातली एकेक वस्तू मालकांनी पैसे मोजून बसवली, कारण खाली कोंबलेली माणसे लढत होती, उपाशी राहत होती, मरण पत्करत होती.

अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांवर चढवली गेली. जिवंत उतरली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास. इतिहासकारांच्या अंदाजाने दर दहा सफरींमागे साधारण एकीत बंड झाले. त्या धास्तीने जादा खलाशी आणि शस्त्रे बाळगावी लागत. त्यामुळे प्रत्येक सफरीचा खर्च वाढे, आणि एरवी जहाजांत भरले गेले असते असे कित्येक लोक किनाऱ्यावरच राहिले.