गाडीचा ताप आणि खोटे बोलणारा सेन्सर

घरात कोणी आजारी पडले की आपण आधी थर्मामीटर लावतो. पण थर्मामीटरच बिघडलेला असेल तर? आमच्या मोटारीचे नेमके असेच झाले.

आईला दर आठवड्याला क्युरपिपहून पोर्ट लुईला उपचारांसाठी न्यावे लागे. जाताना गाडी ठीक चाले, पण तासाभराने परत निघताना इंजिन चालूच होईना. पेट्रोलचा वास येई आणि मागून काळा धूर निघे. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, मग बॅटरी बदलली. पैसे गेले, दोष राहिला. एकदा तर आई भर उन्हात तासभर गाडीत बसून राहिली. त्या दिवशी मात्र जीव कासावीस झाला.

शेवटी आमच्या काकांना बोलावले. त्यांचे सारे आयुष्य गाड्यांच्या दुरुस्तीत गेले आहे. त्यांनी विचारले, "तापमानाची सुई कुठे असते रे?" मी अभिमानाने म्हणालो, "काका, नेहमी खाली. इंजिन अगदी थंड राहते!" काका हसले. "सुई खाली आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस. चढ चढून आलेले इंजिन थंड कसे असेल?"

त्यांनी तपासणी यंत्र जोडले. इंजिन तापलेले असूनही पाण्याचे तापमान ८ अंश दाखवत होते! आपल्या बेटावर भर दुपारी ८ अंश कुठून येणार?

काकांनी समजावले ते असे. इंजिनच्या पाण्यात एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. पाणी तापले की त्याचा विद्युत-रोध कमी होतो, आणि त्यावरून संगणक तापमान ओळखतो. सेन्सरने 'थंड आहे' असे खोटे सांगितले, तर संगणक जास्त पेट्रोल सोडतो. त्यामुळे गरम इंजिन पेट्रोलने गुदमरते. अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखाही याच सेन्सरच्या सांगण्यावर फिरतो. पंखा न फिरल्यास वाहनांच्या गर्दीत इंजिन उकळून हेड वाकण्याची भीती असते. आमचा एसी चालू असे, त्यामुळे पंखा फिरत राहिला आणि आम्ही वाचलो.

तपासणीचा क्रम ध्यानात ठेवावा. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी यंत्रावर पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही जवळपास सारखे हवे. मग पाण्याची पातळी पाहावी, कारण सेन्सर हवेत उघडा पडला तर त्याचे सांगणे भरवशाचे नसते. दोन तारांच्या सेन्सरचा प्लग काढल्यास यंत्रावर सुमारे उणे ४० अंश दिसावे. प्लगची दोन टोके तारेने जोडल्यास आकडा अगदी वर जावा. तसे झाले तर तारा आणि संगणक ठीक, दोष सेन्सरचा.

खात्रीसाठी काकांनी इंजिन थंड झाल्यावर सेन्सर काढला व पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवला. अनेक जपानी गाड्यांत २० अंशांवर सुमारे २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशांवर सुमारे ३०० ओहम यावेत. आमचा सेन्सर ८० अंशांवरही ४ हजारांच्या खाली उतरेना! नेमके आकडे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावेत.

सुई मुळीच वर येत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असण्याचाही संभव असतो. तेव्हा पाणी खरेच कमी तापते. म्हणून सेन्सरचे म्हणणे आणि खरे तापमान ताडून पाहिल्याशिवाय भाग बदलू नये.

एक सूचना विसरू नका. गरम इंजिनच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी अंगावर उडून भाजते.

नवा सेन्सर बसवला, पाणी भरून त्यातील हवा काढली. आता उपचार संपताच गाडी पहिल्याच किल्लीला सुरू होते. आई म्हणते, "आजार नीट ओळखला, की औषध थोडेच पुरते."