सीएचे तास आणि नेरचं कॅलेंडर

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की यवतमाळजवळच्या आमच्या नेरमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो: सीए करायचं तर रोज किती तास अभ्यास करावा लागतो? सांगणारे कमी नसतात. कोणी बारा सांगतं, कोणी चौदा. यूट्यूबवरचे काही जण तर सोळापर्यंत जातात. मला हे आकडे पटत नाहीत. खुर्चीवर चौदा तास बसता येतं, पण डोकं तेवढा वेळ बसत नाही.

सीएफए ही जागतिक परीक्षा घेणारी संस्था एका पातळीसाठी साधारण 300 तास धरा म्हणते. आपली आयसीएआय ही संस्था तास सांगत नाही, महिने सांगते. जुलै 2023 पासूनच्या नव्या योजनेत फाउंडेशनला 4 महिने, इंटरला 8 महिने, मग 2 वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी, आणि ती संपल्यावर फायनलआधी 6 महिने. हे किमान महिने आहेत. घरोघरी मात्र तेच पुरेसे धरले जातात आणि गणित तिथंच फसतं.

इंटरचंच घ्या. दोन ग्रुपमधले सहा पेपर आणि 240 दिवस. बी.कॉम. करणारं, रोज एसटीनं यवतमाळला जाणारं पोरगं धरा. कॉलेज, स्टँडवर वाट पाहणं आणि परतीची गर्दी वजा केली की हातात साडेचार तास उरले तरी नशीब. लग्नं, सण, ताप आणि विद्यापीठाची परीक्षा यांत 60 दिवस सहज जातात. उरलेल्या 180 दिवसांचे झाले 810 तास. शेवटचे 45 दिवस रिव्हिजनला ठेवले, की नव्यानं शिकायला जेमतेम 600, म्हणजे पेपरमागे 100. आणि एकट्या अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंगची रेकॉर्डेड लेक्चर्सच शंभर तासांच्या पुढं जातात!

लेक्चर पाहणं म्हणजे अभ्यास, हा दुसरा गैरसमज. पेपर 100 गुणांचा आणि वेळ 3 तास. म्हणजे 14 गुणांच्या गणिताला 25 मिनिटं. कन्सॉलिडेशनचं गणित पहिल्यांदा सोडवायला तासभर लागतो. सोल्युशन बघून ‘आलं’ म्हणावं, तर आठ दिवसांनी मायनॉरिटी इंटरेस्टच चुकतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठं ते पंचवीस मिनिटांत बसतं. हे तास कोणाच्याही टाइमटेबलात दिसत नाहीत. प्रत्येक पेपरात 40 आणि एकूण सरासरी 50 टक्के लागतात. त्यामुळं एखादा पेपर ऑप्शनला टाकायचीही सोय नाही.

त्यात उत्तरं इंग्रजीत लिहायची किंवा हिंदीत, मराठीत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला कायद्याचं एक पान दोनदा वाचावं लागतं. त्याच्या कॉमर्समध्ये काही कमी नसतं, पण लॉच्या पेपरला त्यानं दीडपट वेळ धरलेलाच बरा.

फायनलचा हिशेब आणखी तंग. 180 दिवसांतून 45 रिव्हिजनचे काढले की सहा पेपरांत पेपरमागे 22 दिवस. त्याआधीची दोन वर्षं आर्टिकलशिपची: महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला जीएसटी, जुलैत रिटर्न, सप्टेंबरात टॅक्स ऑडिट. ऑफिसात रात्री नऊपर्यंत थांबलेला मुलगा अमरावतीच्या रूमवर येऊन चार तास वाचेल, ही अपेक्षाच चुकीची. रोज तास-दीड तास आणि रविवारी पाच-सहा एवढं जमवलं, तरी डायरेक्ट टॅक्सचा पाया पडतो. मे 2024 मध्ये फायनलच्या दोन्ही ग्रुपना एकदम बसलेल्यांपैकी 19.88 टक्के पास झाले, नोव्हेंबरमध्ये 13.44. उरलेले सगळे आळशी होते असं कोण म्हणेल?

आता परीक्षा वर्षातून तीनदा होतात: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. गावाकडच्या मुलासाठी यात बरंच काही आहे, आणि याचा विचार क्लासवाले करत नाहीत. जानेवारी धरावी, तर ऐन अभ्यासाच्या दिवसांत सोयाबीनची काढणी, दिवाळी आणि कापसाची वेचणी. शेतीच्या घरात ‘मी वाचतोय’ हे कारण तेव्हा चालत नाही. मे धरावी, तर डोक्यावर विदर्भाचं ऊन आणि विद्यापीठाचे पेपरही त्याच सुमारास.

माझं मत सप्टेंबरला. बारावी झालेल्यानं मे उजाडायच्या आत फाउंडेशनची नोंदणी करावी. चार महिने पूर्ण मिळतात. इंटरवाल्यानं डिसेंबरअखेर करावी. मग उन्हाळ्याची सुट्टी सलग हाती लागते. दुपार कुलरसमोर झोपेत घालवून पहाटे चारला उठलं तरी चालतं. जूनमध्ये पेरणीचे चार-आठ दिवस जातील, ते आधीच वजा करून ठेवावेत. ऑगस्टभर आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर) आणि मॉक टेस्ट, तेही घड्याळ लावून. आयसीएआयचे ऑनलाइन वर्ग मोफत आहेत. पुण्याच्या महागड्या रूमचा विचार करण्याआधी महिनाभर ते करून पाहावेत. एखाद्या पेपरात 60 मिळाले, तर ग्रुप राहिला तरी पुढच्या तीन अटेम्प्टना त्या पेपरातून सूट मिळते.