सीटी नॉर्मल, मग डोकं का दुखतंय?

नारायणगाव-मंचर हायवेला बाईक घसरली, नाहीतर बैलगाडा घाटात घोडीवरून पोरगं पडलं, की घरचे सीटी स्कॅन बघतात. नॉर्मल आलं की विषय संपला. पण काहींचं तीन महिन्यांनंतरही डोकं दुखतं, चक्कर येते, मोबाईलचा उजेड सहन होत नाही. हे नाटक नसतं. सीटीत रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. पेशींचं बिघडलेलं काम दिसत नाही.

यावर सध्या टीएमएसची चर्चा आहे, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. बीटेकला घोकलेला फॅराडेच हो! डोक्यावर कॉइल धरायची, क्षणभर एमआरआयइतकं तगडं चुंबकीय क्षेत्र सोडायचं, की कवटी न उघडता मेंदूच्या वरच्या थरात करंट तयार होतो. १९८५ साली शेफील्डला अँथनी बार्कर यांनी हे करून दाखवलं, तेव्हा माणसाचा हात आपोआप हलला. २००८ मध्ये अमेरिकेत डिप्रेशनसाठी मान्यताही मिळाली.

डोक्याच्या मारानंतरच्या त्रासासाठी मात्र अजून छोट्या चाचण्याच झाल्यात. फिट येण्याचा थोडा धोकाही असतो. आधी फिट आली असेल किंवा डोक्यात धातू बसवला असेल तर न्यूरोलॉजिस्टला आधीच सांगा.

आणि ऑनलाइन मिळणारा चुंबकाचा पट्टा? त्याचं क्षेत्र बदलतच नाही, मग करंट येणार कुठून?